फुकटच्या फोनचे पैसे कोण देतं?

'अभिनंदन, तुम्हाला आयफोन मोफत', 'फक्त डिलिव्हरीचा खर्च भरा आणि ५५ इंची टीव्ही घरी न्या', 'विद्यार्थ्यांना सरकारकडून फुकट लॅपटॉप' हे मेसेज नाशिककरांच्या फोनवर आता दसरा-दिवाळीपुरते येत नाहीत, बारा महिने येतात. त्यांच्यावरून वादही बारा महिने चालतो. सोसायटीच्या ग्रुपवर, कॉलेज रोडच्या टपरीवर, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या कॅन्टीनमध्ये. एक बाजू म्हणते, हे सगळं थोतांड आहे, फसतो तो लोभापायी फसतो, त्याची कीव कशाला करायची? दुसरी म्हणते, सगळंच खोटं कसं म्हणता, आमच्या भाच्याला खरंच स्पीकर लागला होता की! दोन्ही बाजू ठाम आहेत, आणि दोघींनीही प्रश्न चुकीच्या टोकाने धरला आहे.

माझं म्हणणं असं आहे. महागडी वस्तू फुकट देणारी ऑफर खरी असू शकते, पण खरी असते तेव्हा त्या वस्तूचे पैसे कुणी भरले हे उघड दिसतं. जिथे ते दिसत नाही तिथे पैसे ती वस्तू घेणाऱ्याच्याच खिशातून जायचे असतात, नाहीतर त्याच्या मित्रांच्या आणि नातेवाइकांच्या. अनोळखी नंबरवरून आपण होऊन चालत आलेली ऑफर तर सरळ खोटी धरावी. तिची चौकशी करत बसणं हाच तिच्यात शिरण्याचा पहिला दरवाजा असतो. आणि फसलेल्या माणसाला लोभी म्हणणं आपण बंद केलं पाहिजे. दयेपोटी मी हे म्हणत नाही. त्या एका शब्दामुळे चोराचं फावतं, म्हणून म्हणतो.

दुसऱ्या बाजूचं खरं तेवढं आधी मान्य करू, कारण ते बरंच आहे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झालं तेव्हा कॉल आणि डेटा डिसेंबरअखेरपर्यंत फुकट होता; पुढे ती मुदत ३१ मार्च २०१७ पर्यंत वाढली. तेव्हाही चौकाचौकात लोक म्हणत होते, यात काहीतरी गोम आहे. गोम होतीच, पण ती लपवलेली नव्हती. एका मोठ्या उद्योगसमूहाने आपलं भांडवल ओतून ग्राहक मिळवायचे ठरवले होते आणि ते सगळ्या देशाला दिसत होतं. २०१७ मध्ये १,५०० रुपये अनामत घेऊन, ती तीन वर्षांनी परत देण्याच्या बोलीवर जिओफोन आला. तमिळनाडूत २००६ नंतर द्रमुक सरकारने घरोघरी रंगीत टीव्ही वाटले, २०११ नंतर जयललितांच्या सरकारने विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले, उत्तर प्रदेशात अखिलेश यादवांच्या सरकारनेही दिले. ते बरोबर होतं का, हा वेगळा वाद आहे. पण टीव्ही खरे होते, लॅपटॉप चालू होत होते आणि पैसे सरकारी तिजोरीतून गेले होते. आपल्या मेन रोडवर किंवा रविवार कारंजावर दिवाळीत खरेदीवर कूपन देऊन सोडत काढणारा दुकानदार फ्रीज देतो तेव्हा तो फ्रीजही खरा असतो. त्याचे पैसे इतर शेकडो गिऱ्हाइकांच्या खरेदीत थोडे थोडे वाटलेले असतात, आणि सोडतीच्या दुसऱ्या दिवशी दुकानदार गल्ल्यावरच बसलेला असतो.

म्हणून 'जगात फुकट काही मिळत नाही' हा उपदेश मला पटत नाही, आणि तो नुसता चुकीचाच नाही, घातकही आहे. ज्याने स्वतः सहा-सात महिने फुकट इंटरनेट वापरलं, ज्याच्या बहिणीच्या मुलीला सरकारी योजनेतून सायकल मिळाली, त्याला तुम्ही सांगता की फुकट काही नसतं. तो तुमचं का ऐकेल? त्याच्या अनुभवात तुम्ही खोटे ठरलेले असता. पुढच्या वेळी मोफत लॅपटॉपचा मेसेज आला की तो तुम्हाला विचारत नाही. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेक विभागाला अशा मोफत लॅपटॉपच्या बनावट योजनांचा खुलासा पुन्हा पुन्हा करावा लागतो तो यामुळेच: खऱ्या योजना असतात, म्हणूनच खोट्यांवर विश्वास बसतो.

खऱ्या आणि खोट्याच्या मधला एक पट्टा आहे, आणि 'आमच्या भाच्याला मिळालं' म्हणणारे बहुतेक तिथलेच असतात. त्याचं जुनं आणि स्वच्छ उदाहरण अमेरिकेतलं आहे. २००४ च्या सुमारास फ्रीआयपॉड्स डॉट कॉम नावाची साइट तिथे गाजली. अट अशी की एखाद्या जाहिरातदाराची सेवा तुम्ही घ्यायची, पाच मित्रांना आणायचं आणि त्यांनीही तेच करायचं. मग तुम्हाला आयपॉड, म्हणजे अॅपलचं गाणी ऐकायचं यंत्र. गंमत म्हणून नव्हे, खरोखर आयपॉड मिळाले लोकांना. त्यांनी खोकी उघडतानाचे फोटो टाकले, वर्तमानपत्रांनी बातम्या केल्या. मग ही ऑफर खरी म्हणायची का? ज्याला आयपॉड मिळाला त्याच्यापुरती खरी. पैसे जाहिरातदार भरत होते, प्रत्येक नव्या गिऱ्हाइकामागे ठरलेली रक्कम. पण २००६ मध्ये न्यूयॉर्कचे अॅटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी साइट चालवणाऱ्या ग्रॅटिस इंटरनेट कंपनीवर खटला भरला. माहिती कुणाला देणार नाही असं वचन देऊन कंपनीने लाखो लोकांची माहिती विकली, असा आरोप होता. ती माहिती वापरणाऱ्या डेट्रान मीडिया या कंपनीने ११ लाख डॉलर भरून तडजोड केली. दोन वर्षांनी, २००८ मध्ये, व्हॅल्यूक्लिक या जाहिरात कंपनीला अशाच 'फ्री' लॅपटॉप आणि आयपॉडच्या जाहिरातींच्या प्रकरणात तिथल्या व्यापार आयोगाला २९ लाख डॉलर द्यावे लागले. वस्तू फुकट म्हणायची, आणि ती हातात पडेपर्यंत एकामागून एक पैसे मोजायला लावणाऱ्या ऑफर घ्यायला लावायच्या, अशी तक्रार होती.

आता 'पाच मित्र आणा'चा हिशेब आपल्या गावाला लावून पाहा. एकाने पाच आणायचे, त्या पाचांनी पंचवीस, मग सव्वाशे, सहाशे पंचवीस. सहाव्या पायरीला १५,६२५, आठव्या पायरीला ३,९०,६२५ आणि नवव्या पायरीला १९,५३,१२५. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या पावणेपंधरा लाखांच्या थोडी वर होती. म्हणजे नवव्या पायरीला तान्ह्या मुलांसकट अख्खं शहर कमी पडतं. आणि कुठल्याही क्षणी ही साखळी थांबली की शेवटच्या पायरीवरच्यांना काहीच मिळालेलं नसतं, आणि ते वरच्या सगळ्यांच्या एकूण संख्येच्या चौपट असतात. भाच्याला स्पीकर मिळाला हे खरं असेल. त्याने ज्यांना ज्यांना लिंक पाठवली त्यांच्यापैकी किती जणांना मिळाला, हे त्याच ग्रुपवर विचारून पाहा.

नाव, मंच आणि प्रतिष्ठित माणसं पाहून खरेखोटेपण ठरवावं म्हणाल, तर २०१६ चा फेब्रुवारी आठवा. नोएडाच्या रिंगिंग बेल्स कंपनीने २५१ रुपयांत स्मार्टफोन देण्याची घोषणा केली. मोठ्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर जाहिराती आल्या, अनावरणाला मुरली मनोहर जोशींसारखे ज्येष्ठ खासदार हजर होते. नोंदणी सुरू होताच साइट कोलमडली. मोबाइल उद्योगाच्या संघटनेने तेव्हाच सांगितलं होतं की असा फोन साडेतीन हजारांच्या खाली बसत नाही. मग उरलेले सव्वातीन हजार कोण भरणार होतं? हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारणारे होते, पण त्यांना निराशावादी ठरवलं गेलं. वर्षभरात कंपनीच्या संस्थापकाला एका वितरकाच्या फसवणुकीच्या तक्रारीवरून अटक झाली. त्या दिवशी साइटवर ताटकळलेल्या लाखो लोकांना आपण लोभी म्हटलं नाही. सगळेच रांगेत होते, म्हणून कुणाला लाज वाटली नाही. एकटा माणूस फसला की मात्र आपल्याला त्याचा स्वभाव दिसू लागतो.

खोट्या ऑफरचं पान एकदा नीट पाहावं. लिंक उघडली की वर नामांकित कंपनीचं चिन्ह असतं, खाली 'वर्धापनदिन', मग चार साधे प्रश्न: वय, पुरुष की स्त्री, आमची सेवा कशी वाटली. उत्तर काहीही द्या, पान म्हणतं, तुम्ही पात्र आहात. मग नऊ भेटखोकी आणि तीन संधी. पहिलं खोकं रिकामं निघतं. दुसरंही. तिसऱ्यातून फोन निघतो, वरून रंगीत कागदांचा पाऊस पडतो. पान पुन्हा उघडा, वेगळी खोकी निवडा. पहिली दोन रिकामीच आणि तिसऱ्यात फोनच. कोपऱ्यात दहा मिनिटांचं उलटं घड्याळ असतं, पान ताजं केलं की ते पुन्हा दहावर येतं. तळाशी प्रतिक्रिया असतात, 'मला आजच मिळाला', आणि महिन्याभराने पाहा, तोच माणूस तेच शब्द, 'आजच'. नंतर एक हिरवी पट्टी येते. वीस जणांना किंवा पाच ग्रुपना पाठवल्याशिवाय ती भरत नाही. शेवटी पत्ता, कार्ड, ओटीपी किंवा एखादी एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये परस्पर बसवायचं अॅप. यातली प्रत्येक गोष्ट विचार करून बसवलेली आहे. पहिलं खोकं रिकामं का ठेवलं? लगेच मिळालं असतं तर संशय आला असता. दोनदा हुकल्यावर मिळालेलं माणसाला आपल्या नशिबाचं वाटतं, आणि नशिबाचं कुणी सहजी सोडत नाही.

याहून वाईट प्रकार टपालाने येतो. इंदिरानगरच्या माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापक बाईंकडे एक पाकीट आलं. आत स्क्रॅच कार्ड, एका प्रसिद्ध खरेदी साइटचं नाव, खाली शिक्का आणि सही. कार्ड खरवडलं तर लॅपटॉप. बाई अशा मेसेजना हसणाऱ्यांतल्या, पण पाकिटावरचा पत्ता पाहून त्या थांबल्या. काही महिन्यांपूर्वी त्यांनी मिक्सर मागवला तेव्हा घाईत इमारतीच्या नावातलं एक अक्षर गाळलं होतं. पाकिटावरही नेमकं तेच अक्षर गाळलेलं होतं. त्यांनी केलेला तर्क शंभर टक्के बरोबर होता: हा पत्ता फक्त त्या खरेदीतूनच आलेला असू शकतो. फक्त तो कंपनीकडून आला की कंपनी, कुरिअर, कॉल सेंटर या साखळीत कुठेतरी गळून चोराच्या हाती पडला, हे कळायला त्यांच्याकडे मार्ग नव्हता. बाईंनी पाकिटातल्या नंबरवर फोन केला. पलीकडचा माणूस नम्र होता, मराठी बोलत होता, 'मॅडम' म्हणत होता. आधी नोंदणीचे काहीशे रुपये. मग जीएसटी. मग वाहतूक विमा. प्रत्येक वेळी हेच वाक्य, ही रक्कम लॅपटॉपसोबत परत मिळेल. तिसऱ्या हप्त्यानंतर त्या लॅपटॉपसाठी पैसे भरत नव्हत्या. आधी भरलेले पैसे सोडवण्यासाठी भरत होत्या. याला लोभ म्हणतात?

या ठिकाणी जाणकार माणसं एक मुद्दा काढतात, आणि तो बिनतोड वाटतो. ते म्हणतात, सोपी खूण आहे: पैसे मागितले की खोटं. दुर्दैवाने ही खूण तेवढी सोपी नाही. आपल्या आयकर कायद्यात सोडतीच्या बक्षिसावर ३० टक्के कर आहे, आणि दहा हजारांवरचं बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर कर भरला गेल्याची खात्री करूनच देणाऱ्याने ते हातात द्यायचं असतं. म्हणजे खऱ्या बक्षिसातही विजेत्याला पैसे भरावे लागू शकतात. फुकट म्हणून जाहिरात केलेल्या वस्तूबद्दल २०२२ ची केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वंही पोहोचवण्याचा अटळ खर्च घेण्याला परवानगी देतात. पॅकिंग, हाताळणी, प्रशासकीय खर्च असल्या नावांनी पैसे घेणं मात्र त्यांना मान्य नाही. चोरांना हे नियम आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहेत. म्हणूनच त्यांच्या पावतीवर 'जीएसटी' आणि 'टीडीएस' असतं. फरक ओळखायचा तो पैसे कुठे जातात यावरून. खरा कर चलनाने तुमच्या पॅनच्या खात्यावर सरकारजमा होतो आणि तुम्हाला तो आयकर विभागाच्या पोर्टलवर दिसतो. कुठल्यातरी माणसाच्या यूपीआय नंबरवर भरलेला कर हा कर नसतो. आणि पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. तो टाकला की पैसे जातात, येत नाहीत. शाळा, बँका, ज्येष्ठ नागरिक संघ यांनी हे एवढंच नीट शिकवलं तरी 'सावध राहा' या पोस्टरांपेक्षा जास्त काम होईल.

आता लोभाच्या मुद्द्याकडे. तो पूर्ण खोटा आहे असं मी म्हणणार नाही. लाखाचा फोन हजारात मिळतोय म्हटल्यावर मनात काहीतरी हलतं, ते माझ्याही हलतं, तुमच्याही. पण जे सगळ्यांमध्ये आहे त्याने हे कसं कळणार की अमुकच का फसला आणि तमुक का नाही? फसवणुकीला लोभ लागतो तशी गरज लागते, एकटेपणा लागतो, घाई लागते, आणि सगळ्यात जास्त लागतो विश्वास. कॉर्मॅक हर्ली या मायक्रोसॉफ्टच्या संशोधकाने २०१२ मध्ये एक प्रश्न विचारला होता: नायजेरियाचे भामटे आपल्या पत्रात आपण नायजेरियाचे असल्याचं उघड का सांगतात? हर्ली यांचं उत्तर असं की विचित्र, ढिसाळ पत्र मुद्दाम तसं असतं. ज्यांना शंका येणार आहे त्यांनी पहिल्याच ओळीला निघून जावं, म्हणजे त्यांच्यावर वेळ वाया जात नाही. अशुद्ध मराठीतला मेसेज पाहून जो हसतो त्याने स्वतःला हुशार समजायचं कारण नाही. तो त्या गळाचा मासाच नव्हता. त्याच्यासाठी शेअर बाजाराच्या 'खास' ग्रुपचा, घरबसल्या रेटिंग देण्याच्या कामाचा, किंवा 'डिजिटल अरेस्ट'चा गळ तयार आहे. डिजिटल अरेस्टमध्ये, म्हणजे खोटे पोलीस व्हिडिओ कॉलवर अटकेचा धाक घालतात त्या प्रकारात, तर लोभाचा लवलेशही नसतो, फक्त भीती असते, आणि तिथे डॉक्टर, प्राध्यापक, निवृत्त अधिकारी यांनी आयुष्याची पुंजी घालवली आहे.

हे काही इंटरनेटने आणलेलं नाही. टपालाच्या काळात मासिकांच्या आणि वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यात एक चौकट छापलेली असायची: नऊ घरं, प्रत्येक ओळीची बेरीज पंधरा आली पाहिजे, उत्तर पाठवा आणि ट्रान्झिस्टर किंवा कॅमेरा जिंका. कोडं शाळकरी पोरालाही सुटायचं, म्हणून प्रत्येकाचंच उत्तर बरोबर यायचं. मग अभिनंदनाचं पत्र, आणि मागून व्हीपीपी; पोस्टमनला पैसे दिल्याशिवाय पार्सल उघडता येत नसे. आत काहीतरी टाकाऊ वस्तू. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातलं कतरीसराय हे गाव टपालाने औषधांच्या नावाखाली चालणाऱ्या अशाच धंद्यासाठी बदनाम होतं, आणि आज तेच नाव सायबर गुन्ह्यांतल्या अटकांच्या बातम्यांत येतं. पत्ता बदलला नाही, फक्त पोस्टमनच्या जागी मोबाइल आला. तेव्हाही लोक 'आपलीच चूक' म्हणून पार्सल माळ्यावर टाकायचे आणि गप्प बसायचे, आणि पुढच्या महिन्यात तीच चौकट पुन्हा छापून यायची. जाहिरात छापणाऱ्याला, टपाल पोहोचवणाऱ्याला, पैसे वळते करणाऱ्याला कुणी कधी जाब विचारला का?

जाब विचारला की काय होतं, हे आपल्याच जिल्ह्यात दिसलं आहे. द्राक्षाच्या हंगामात निफाड-दिंडोरीच्या बागांवर परप्रांतातले व्यापारी येतात. बाजारापेक्षा किलोला दोन रुपये जास्त देतात, पहिल्या एक-दोन गाड्यांचे पैसे रोख मोजतात, मग उधारीवर माल उचलतात, वटणार नाही असा चेक देतात आणि एके दिवशी गाळा रिकामा करून निघून जातात. वर्षानुवर्षं शेतकऱ्याला हेच ऐकवलं गेलं की दोन रुपयांच्या मोहाला बळी पडलास. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राचे तत्कालीन विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी हे मोहाचं प्रकरण न समजता फसवणुकीचा गुन्हा समजून मोहीम उघडली. तक्रारी घेतल्या, व्यापाऱ्यांचा माग काढला, आणि कित्येकांनी पैसे आणून दिले. शेतकऱ्याचा स्वभाव तोच होता. बदललं ते आपलं त्याच्याकडे पाहणं. त्याआधी २०१४ मध्ये नाशिकमधून केबीसी मल्टीट्रेड या गुंतवणूक कंपनीचं प्रकरण उघड झालं तेव्हा काय दिसलं होतं? पैसे काही वर्षांत कित्येक पट करून देण्याचं आमिष होतं हे खरं, पण ते आमिष दारात घेऊन येणारा माणूस अनोळखी नव्हता. मेव्हणा होता, सहकारी होता, गावातला शिक्षक होता. आजच्या फुकटच्या फोनची लिंकही अशीच येते, बहिणीकडून किंवा शेजाऱ्याकडून, कारण त्या हिरव्या पट्टीला वीस ओळखीचे लोक हवे असतात.

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपण इतक्या सहज पाळतो की तिची किंमत कधी मोजत नाही. सायबर फसवणुकीत ती किंमत तासांत मोजता येते. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाचांत, आणि तिथून एटीएममधून बाहेर असे धावत असतात. १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या क्रमांकावर लगेच फोन गेला तर ते वाटेतल्या एखाद्या खात्यात गोठवता येतात. दोन दिवसांनी गेला तर फक्त तक्रार क्रमांक मिळतो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतःच ओटीपी दिला असला तरी त्याने बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेने सोसायचं असतं. म्हणजे प्रत्येक तास पैशांचा आहे. हा तास माणूस कशात घालवतो? मुलाला सांगू की नको, ग्रुपवर कळलं तर काय म्हणतील, सून काय म्हणेल यात. त्या मुख्याध्यापक बाईंनी तीन आठवडे कुणाला सांगितलं नाही. आयुष्यभर ज्यांनी वर्गात पोरांना शहाणपण शिकवलं, त्यांना 'लोभी' हा शब्द ऐकायचा नव्हता. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' असं आपण म्हणतो. पण पुढच्याने ठेच लागल्याचं सांगितलंच नाही, तर मागच्याने शहाणं कशावरून व्हायचं?

आणि राग काढायचाच असेल तर योग्य जागी काढा. पैसे जिथे जाऊन पडतात ती खाती कुणाची असतात? बऱ्याचदा चोराची नसतात. कुणा कॉलेजच्या पोराने, कुणा बेरोजगार तरुणाने काही हजारांसाठी आपलं खातं, एटीएम कार्ड आणि सिम 'वापरायला' दिलेलं असतं. अशी भाड्याची खाती नसती तर हा धंदा एक दिवस चालला नसता. अशी खाती उघडली जातात, चालतात, अचानक लाखांची उलाढाल करतात, आणि बँकेच्या यंत्रणेला ते वेळेवर दिसत नाही. पत्ते आणि फोन नंबर गळतात ते कुणाच्या कार्यालयातून, हे शोधलं जात नाही. फसवणुकीच्या पानाची जाहिरात पैसे घेऊन दाखवणाऱ्या समाजमाध्यम कंपन्यांना कुणी विचारत नाही की ही जाहिरात तुम्ही तपासली होती का. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड मध्ये तोतयेगिरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण दूर कुठेतरी बसलेला फोन करणारा क्वचितच सापडतो. या सगळ्यांना मोकळं सोडून आपण फसलेल्या बाईंच्या स्वभावाची चर्चा करतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

शेवटचा आक्षेप उरतो: मग माणसाची स्वतःची जबाबदारी काहीच नाही का? आहे, आणि ती फसणाऱ्यापेक्षा पुढे पाठवणाऱ्याची जास्त आहे. ज्याला वस्तू हवी होती त्याने फार तर स्वतःचं नुकसान केलं. ज्याने 'खरं आहे का माहीत नाही, पण पाठवतो' असं लिहून तीच लिंक तीन ग्रुपवर टाकली, त्याने आपल्या नावाची पत त्या चोराला उसनी दिली. काही सोसायट्यांत ग्रुप चालवणारे पार्किंग आणि पाण्याच्या टँकरवर कडक नियम करतात. मोफत वस्तूची लिंक टाकणाऱ्याला विचारण्याचा नियम मात्र मला कुठे दिसला नाही. सिंहस्थ दोन पावलांवर आला आहे. २०२५ मध्ये प्रयागराजला तंबू आणि कॉटेजच्या बुकिंगसाठी बनावट साइट निघाल्या होत्या, तिथल्या पोलिसांना लोकांना सावध करावं लागलं होतं. नाशिकला त्यासोबत 'कुंभमेळ्यानिमित्त मोफत मोबाइल' येणार नाही असं कोण म्हणेल? घाट, रस्ते आणि पूल यांच्या बैठका होत आहेत, त्या व्हायलाच हव्यात. त्याच बैठकीत सायबर पोलिसांसाठी किती माणसं, १९३० वर मराठीत बोलणारे किती, शहरातल्या बँकांच्या शाखांत रात्री-सुट्टीच्या दिवशी खातं गोठवण्याची विनंती कुणी घ्यायची, हे प्रश्न पालकमंत्र्यांनी आणि पोलीस आयुक्तांनी आत्ताच मांडायला हवेत.